‘मला माहीत आहे’ मधला ‘आहे’ आणि इंग्रजीचं ‘इंग’

प्रश्न अंबाजोगाईहून आला आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एकाचा. थोडक्यात असा: ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ चूक, पण ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर. ‘आय ॲम नोइंग हिम’ चूक, पण मॅकडॉनल्ड्सच्या जाहिरातीत ‘आय ॲम लव्हिंग इट’ खुशाल चालतं. क्लासमध्ये तीस-चाळीस क्रियापदांची यादी पाठ करायला दिली, ती पाठही झाली. तरी सराव परीक्षेत या प्रश्नांचे गुण जातातच. यामागे नियम आहे की इंग्रजांची मर्जी?

नियम आहे. मात्र तो क्रियापदाला चिकटलेला नाही, क्रियापदाच्या अर्थाला चिकटलेला आहे. म्हणून यादीनं काम भागत नाही. यादीत ‘हॅव’ लिहिलेलं असतं. कोणतं ‘हॅव’ ते लिहिलेलं नसतं. तेव्हा विचारायचं ते असं: क्रियापदाचा कोणता अर्थ इंगला आत येऊ देत नाही? आणि त्याच्या पोटात आपला, मराठी माणसाचा, आणखी एक प्रश्न आहे: ही चूक आपल्याच तोंडी इतकी सहज का येते? आधी तोच घेतो. तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

शाळेत आपल्याला एक सूत्र दिलं जातं: वाक्यात ‘त आहे’ दिसलं की ॲम, इज किंवा आर घ्यायचं आणि क्रियापदाला इंग लावायचं. ‘मी जात आहे’, ‘आय ॲम गोइंग’. सूत्र खोटं नाही. इंग्रजीतल्या चालू काळाचं मराठी करताना ते बहुतेक वेळा नीट चालतं. गडबड होते ती मराठीकडून इंग्रजीकडे जाताना, कारण मराठीतला ‘आहे’ एकाच कामाला बांधलेला नाही. ‘मी जात आहे’ मध्ये तो नुसता सोबतीला आहे, खरं काम ‘जा’ करतो. ‘मला माहीत आहे’ मध्ये ‘माहीत’ हे क्रियापदच नाही. तिथं अख्ख्या वाक्याचं क्रियापद ‘आहे’ हेच. या वाक्याची ठेवण ‘मला ताप आहे’ सारखी आहे, ‘मी जात आहे’ सारखी नाही. ‘माझ्याकडे दोन बैल आहेत’ मध्ये तर ‘हॅव’ च्या अर्थाचं वेगळं क्रियापद मराठीकडे नाहीच, सगळा भार ‘आहेत’ वर. पण विद्यार्थ्याच्या कानावर ‘आहे’ पडलं की हात आपोआप ॲम-इज-आरकडे जातो आणि ‘आय ॲम हॅविंग टू बुलक्स’ कागदावर उतरतं. घरात दखनी बोलणाऱ्यांचंही हेच होतं. ‘मालूम है’ मधला ‘है’ त्याच वाटेनं नेतो.

हा सापळा एकदा दाखवला की पुन्हा सहसा कुणी त्यात पडत नाही. दुसरा जास्त अवघड आहे, कारण तिथं मराठीत खरोखरचाच चालू काळ असतो. ‘मला दिसतंय’, ‘आता आठवतंय’, ‘पाऊस येईल असं वाटतंय’, ‘वरण खारट लागतंय’. आपल्याकडच्या मराठवाडी बोलीत तर तो आणखी ठळक: ‘दिसायलंय’, ‘वाटायलंय’, ‘कळायलंय’. इंग्रजी या सगळ्या जागी साधा काळ घेते: ‘आय रिमेंबर नाऊ’, ‘आय थिंक इट विल रेन’, ‘द दाल टेस्ट्स सॉल्टी’. इथं चुकणाऱ्याचं मराठी अगदी बरोबर असतं. दोन भाषांनी बांध वेगवेगळ्या ठिकाणी घातलेत, एवढंच.

मग इंग्रजीनं बांध कुठं घातलाय? शेतातली पाण्याची मोटार घ्या. ‘मोटार चालू आहे’, ‘द मोटर इज रनिंग’. ती सुरू होते, काही वेळ चालते, लाइट गेली की बंद पडते. चालण्याला सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे, आणि आपण या घडीला मध्यात आहोत. इंगला नेमकं हेच सांगायचं असतं: काहीतरी सुरू झालंय, अजून संपलेलं नाही, पुढं थांबेल. आता दुसरं वाक्य: ‘मोटार काकांची आहे’, ‘द मोटर बिलॉन्ग्ज टू माय अंकल’. ती सकाळी सहाला जेवढी काकांची, तेवढीच दुपारी बाराला. लाइट गेली तरी काकांचीच. या मालकीत काही घडत नाही, तिचा अर्धा भाग उरकलाय आणि अर्धा बाकी आहे असं म्हणता येत नाही. टप्पेच नाहीत, तर मध्यात उभं राहणार कुठं? म्हणून ‘इज बिलॉन्गिंग’ नाही. नो, ओन, कन्टेन, कन्सिस्ट, डिझर्व्ह, डिपेंड, मीन, सीम, रिझेंबल ही सगळी याच जातीची. बिबी का मकबरा ताजमहालासारखा दिसतो, तर ‘रिझेंबल्स द ताज महाल’. वेरूळला 34 लेणी आहेत, तर ‘एलोरा हॅज थर्टी-फोर केव्ह्ज’. पैठण गोदावरीच्या काठावर वसलंय; मराठीत ‘वसलंय’ मध्ये ‘आहे’ दडलेला आहे, पण इंग्रजीत ‘पैठण स्टँड्स ऑन द बँक ऑफ द गोदावरी’. तिथं ‘इज स्टँडिंग’ म्हटलं तर गाव थोड्या वेळानं उठून चालायला लागेल असं ऐकणाऱ्याला वाटेल. गोदाकाठी उभा असलेला माणूस मात्र ‘इज स्टँडिंग’च, कारण तो खरंच निघून जाणार आहे.

तत्त्वज्ञ झीनो वेंडलर यांनी 1957 मध्ये क्रियापदांचे चार गट मांडले, आणि भाषेचा अभ्यास करणारे अजूनही ती वाटणी वापरतात: नुसती स्थिती, चालत राहणारी क्रिया, शेवट ठरलेली क्रिया आणि क्षणात उरकणारी घटना. माहीत असणं, धावणं, पत्र लिहिणं, ओळखू येणं अशी त्यांची अनुक्रमे उदाहरणं देता येतील. मधले दोन गट इंगशी मजेत नांदतात. पहिला गट इंग नाकारतो कारण तो सपाट आहे. चौथाही कुरकुरतो, पण उलट कारणानं: ‘नोटिस’, ‘रेकग्नाइझ’ या घटना सुरू होतात तिथंच संपतात, मध्यात शिरायला जागाच नसते. त्यातल्या काहींना इंग लावलं की अर्थ सरकतो. परभणी स्टेशनवर ‘द ट्रेन इज अरायव्हिंग’ ऐकू येतं तेव्हा गाडी आलेली नसते, येण्याच्या बेतात असते.

इथं एक प्रचलित समजूत मोडून काढतो, कारण ती बऱ्याच मार्गदर्शकांत छापलेली असते: ‘ज्या क्रियेवर आपला ताबा नाही तिला इंग लागत नाही.’ हे टिकत नाही. पावसावर कुणाचा ताबा आहे? तरी ‘इट इज रेनिंग’. जखमेतून रक्त येतंय, ‘इट इज ब्लीडिंग’. बर्फ वितळतोय, ‘इट इज मेल्टिंग’. तशीच दुसरी समजूत: ‘हालचाल नसेल तर इंग नाही.’ झोपणं, वाट बघणं, बसणं यांत काय हालचाल असते? तरी ‘ही इज स्लीपिंग’, ‘शी इज वेटिंग’ बिनचूक आहे, कारण झोपलेला उठणार आहे आणि वाट बघणं संपणार आहे. ताबा आणि हालचाल हे वरवरचे रंग आहेत. टप्पे आहेत का आणि तात्पुरतेपण आहे का, एवढंच तपासायचं.

हे तपासायला आपल्याकडे घरचं हत्यार आहे. ‘काय करायलाय?’ हा प्रश्न. लातूर-नांदेडकडे ‘काय करूलालाय?’ म्हणत असाल तर तसं विचारा. इंग्रजीत जे सांगायचंय ते या प्रश्नाचं उत्तर म्हणून शोभतं का बघायचं. ‘तो काय करायलाय?’ ‘जेवायलाय’, ‘झोपलाय’, ‘वाट बघायलाय’. शोभतं, तर इंग चालेल. ‘तो काय करायलाय?’ ‘त्याला दोन भाऊ आहेत.’ ऐकणारा हसेल. माणसाऐवजी वस्तू असेल तर ‘काय व्हायलंय?’ विचारा: ‘पाऊस पडायलाय’ शोभतं, ‘पेटीत दहा किलो मोसंबी मावतात’ शोभत नाही. गंमत म्हणजे ‘दिसायलंय’ आणि ‘वाटायलंय’ ही रूपं आपण रोज बोलत असूनही या प्रश्नाचं उत्तर म्हणून ती उभी राहत नाहीत. ‘काय करायलास?’ ला ‘मला दिसायलंय’ असं कुणी म्हणत नाही, ‘बघायलोय’ म्हणतं. म्हणजे दुसऱ्या सापळ्यातूनही हा प्रश्न बाहेर काढतो.

आणि हा ‘बघणे’ विरुद्ध ‘दिसणे’ फरकच आपली सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. इंग्रजी अनेकदा एकाच क्रियापदात दोन अर्थ कोंबते आणि मग विद्यार्थ्याला वाटतं की नियमाला अपवाद आहेत. मराठीनं ते अर्थ आधीच वेगळ्या शब्दांत वाटून ठेवलेत.

‘वे’ घ्या. मोंढ्यात मापाडी सोयाबीन मोजतोय, ‘ही इज वेइंग द सोयाबीन’. पोत्याचं वजन पन्नास किलो आहे, ‘द बॅग वेज फिफ्टी किलोज’. मराठीत एकीकडे मोजणं, दुसरीकडे वजन असणं. ‘टेस्ट’: आई आमटी चाखून बघतेय, ‘इज टेस्टिंग’, आमटी तिखट लागतेय, ‘टेस्ट्स हॉट’. चाखणं आणि लागणं. ‘स्मेल’: खरबुजाचा वास घेऊन बघणं आणि खरबुजाला वास येणं. ‘फील’: डॉक्टर पोट दाबून बघतोय, ‘इज फीलिंग’, कापड मऊ लागतं, ‘फील्स सॉफ्ट’. ‘थिंक’: मी नोकरी सोडण्याचा विचार करतोय, ‘आय ॲम थिंकिंग ऑफ लीव्हिंग द जॉब’, मला वाटतं तो चुकला, ‘आय थिंक ही इज राँग’. ‘थिंक’ ला रचनेचा आधारही मिळतो: पुढं ‘ऑफ’ किंवा ‘अबाउट’ आलं तर विचार करणं आणि इंग शक्य, पुढं ‘दॅट’ किंवा थेट पूर्ण वाक्य आलं तर मत आणि साधा काळ.

‘हॅव’ चा निकालही इथंच लागतो. मराठीत ‘असणे’ नं सांगता येतं तिथं इंग नाही: भाऊ असणं, जमीन असणं, ताप असणं, वेळ असणं, शंका असणं. मराठीत ‘करणे’, ‘घेणे’, ‘होणे’ लागतं तिथं इंग चालतं: जेवण करतोय, चहा घेतोय, आंघोळ करतोय, मीटिंग चालू आहे, त्रास होतोय. ‘दे आर हॅविंग अ मीटिंग’, ‘वुई आर हॅविंग ट्रबल विथ द पंप’. अंबाजोगाईच्या प्रश्नातला लंच आणि ब्रदर्सचा तिढा एवढ्यानंच सुटतो: जेवण आपण करतो, भाऊ आपल्याला असतात.

‘बी’ बद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण परीक्षेत ते कमी येतं पण बोलण्यात फार उपयोगी पडतं. ‘ही इज डिफिकल्ट’ म्हणजे माणूसच अवघड आहे, स्वभावानं. ‘ही इज बीइंग डिफिकल्ट’ म्हणजे आत्ता मुद्दाम आडमुठेपणा करायलाय; एरवी बरा असेल. मराठीत आपण ‘शहाणा आहे’ आणि ‘शहाणपणा करतोय’ असा फरक करतो, तोच हा. म्हणून ‘बीइंग’ फक्त वागण्याच्या विशेषणांशी जमतं: सिली, पोलाइट, स्टबर्न. ‘ही इज बीइंग टॉल’ म्हणता येत नाही. उंचपणा कुणी करत नसतं.

दिसणं आणि ऐकू येणं यांचं वेगळं सांगतो, कारण तिथं चूक फक्त इंग काढून भागत नाही. फोनवर रेंज नसली की आपण विचारतो, ‘आवाज येतोय का?’ आणि इंग्रजीत ‘आर यू हिअरिंग मी?’ सुटतं. इंग काढून ‘डू यू हिअर मी?’ म्हटलं तर चूक नाही, पण सहज बोलण्यात इंग्रजी या जागी ‘कॅन’ घेते: ‘कॅन यू हिअर मी?’, ‘आय कॅन सी द बस’, ‘आय कॅन स्मेल गॅस’. या घडीला ज्ञानेंद्रियांना जे जाणवतंय ते सांगायला इंग्रजीकडे ‘कॅन’ हा नेहमीचा मार्ग आहे. मराठीतल्या ‘दिसतंय, येतोय’ ची खरी जोडी ‘कॅन’ शी लागते, इंगशी नाही. ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर ॲट फाइव्ह’ चा डोळ्यांशी संबंध नाही. तिथं ‘सी’ म्हणजे भेटणं, आणि भेट ही ठरलेली, घडणारी गोष्ट आहे.

वर्गात मी आणखी एक झटपट खूण सांगतो: मराठी वाक्य ‘मला’ नं सुरू होत असेल तर इंगपासून सावध. मला माहीत आहे, मला आवडतं, मला हवंय, मला वाटतं, मला आठवतं, मला समजतं, मला पटतं, मला गरज आहे. नो, लाइक, वॉन्ट, थिंक, रिमेंबर, अंडरस्टँड, अग्री, नीड: यादीतली बरीचशी क्रियापदं एका ‘मला’ त आली. कारणही सरळ आहे. ‘मला’ वाक्यातला माणूस काही करत नाही, त्याच्याकडे ते येतं किंवा त्याच्यात असतं. पण ही खूण म्हणजे कायदा नव्हे. ‘मला मजा येतेय’ ला ‘आय ॲम एन्जॉइंग’ बरोबर आहे. ‘एन्जॉय’ ला अनेक जण उगाच यादीत घालतात. ‘मला कंटाळा येतोय’, ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’. ‘हल्ली मला चालत जावं लागतंय’, ‘आय ॲम हॅविंग टू वॉक दीज डेज’, हेही बरोबर, कारण ती तात्पुरती अडचण आहे. आणि उलट बाजूनं, ‘मी त्याला ओळखतो’ मध्ये ‘मी’ असूनही ‘आय नो हिम’ च. म्हणून ‘मला’ दिसला की थांबायचं आणि मग ‘काय करायलाय?’ विचारून खात्री करायची.

काही क्रियापदांना दोन्ही रूपं चालतात आणि फरक फक्त मुदतीचा असतो. ‘आय लिव्ह इन बीड’ म्हणजे घर तिथं आहे. ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे’ म्हणजे परीक्षेपुरती खोली घेतलीय. ‘यू लुक टायर्ड’ आणि ‘यू आर लुकिंग टायर्ड’, ‘माय लेग हर्ट्स’ आणि ‘माय लेग इज हर्टिंग’ यांत तर सांगण्यासारखा फरकही नाही. पर्यायात ही दोन्ही रूपं आली तर प्रश्नच सदोष समजा.

एरवी इंग न घेणारं क्रियापदही, स्थिती हळूहळू बदलते आहे असं सांगायचं असेल तर इंग घेतं. ‘मोअर अँड मोअर’, ‘एव्हरी डे’, ‘बिगिनिंग टू’ अशा शब्दांवर नजर ठेवा. ‘द बॉय इज रिझेंब्लिंग हिज फादर मोअर अँड मोअर’: पोरगं दिवसेंदिवस बापावर जायलंय. सपाट रस्त्याला चढ आला, टप्पे तयार झाले, इंगला वाट मिळाली. नियम तोच, अर्थ बदललाय. ‘आय ॲम लव्हिंग इट’ ही ओळ 2003 पासूनची आहे आणि तिथंही हेच चालतं: ‘लव्ह’ म्हणजे कायमचं प्रेम असं न घेता, हा घास खाताना आत्ता मजा येतेय असं घेतलंय. आपण ‘हे गाणं आवडतंय’ म्हणतो तसंच. बोलीभाषेत हे रूळलं आहे. परीक्षेच्या उत्तरात ते आधार म्हणून दाखवू नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ‘पासून’ च्या वाक्यात. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो.’ मराठीत साधा वर्तमानकाळ आहे. विद्यार्थी एक तर ‘आय नो हिम सिन्स टेन इयर्स’ लिहितो, नाहीतर पूर्ण-चालू काळाचा धडा आठवून ‘आय हॅव बीन नोइंग हिम’. दोन्ही चूक. ‘पासून’ आलं म्हणून ‘हॅव’ हवं. ओळख ही स्थिती आहे म्हणून इंग नको. दहा वर्षं हा कालावधी आहे म्हणून ‘फॉर’: ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’. नेमकं साल असतं तर ‘सिन्स 2015’. याउलट ‘मी दहा वर्षांपासून शिकवतोय’ मध्ये काम आहे, म्हणून ‘आय हॅव बीन टीचिंग’. अगदी याच ठिकाणी ‘वॉन्ट’ थोडं ढिलं पडतं: ‘आय हॅव बीन वॉन्टिंग टू मीट यू’ हे चांगलं, रूढ इंग्रजी आहे, कारण इच्छा मनात पुन्हा पुन्हा डोकं वर काढत होती. भूतकाळातही स्थिती स्थितीच राहते, ती संपून गेलेली असली तरी. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता: ‘मराठवाडा बिलॉन्ग्ड टू हैदराबाद स्टेट अंटिल 1956’. ती मुदत संपली म्हणून ‘वॉज बिलॉन्गिंग’ होत नाही.

हेही लक्षात ठेवा की बंदी इंग या प्रत्ययावर नाही, ॲम-इज-आर-वॉज अधिक इंग या जोडीवर आहे. ‘हॅविंग नो मनी, ही वॉक्ड होम’ शुद्ध आहे. ‘नोइंग हिम वेल, आय सेड नथिंग’ शुद्ध आहे. ‘अंडरस्टँडिंग’ हे नाम तर रोजचं. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नात ‘हॅविंग’ दिसलं की डोळे मिटून तिथं खूण करणारे इथं फसतात. आधी मागं ‘बी’ चं रूप आहे का बघायचं.

‘आय प्रॉमिस’, ‘आय अपॉलोजाइज’, अर्जातलं ‘आय रिक्वेस्ट यू’ यांना साधा काळ लागतो, पण तिथं कारण वेगळं आहे: तो शब्द उच्चारणं हेच ते काम. उच्चारलं की काम झालं. या क्रियापदांना स्थितीच्या यादीत कोंबू नका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. ही रेघ कायम इथंच होती असं नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ मध्ये वाचत असलेल्या राजपुत्राला पोलोनियस विचारतो, ‘व्हॉट डू यू रीड, माय लॉर्ड?’ आज तिथं ‘व्हॉट आर यू रीडिंग?’ शिवाय काही चालणार नाही. म्हणजे सुमारे 400 वर्षांपूर्वी चालू क्रियेलाही इंग ऐच्छिक होतं. नंतर ते सक्तीचं झालं, आणि स्थितीची क्रियापदं साध्या काळात मागं राहिली. आजही इंगची हद्द सरकतेच आहे. शिवाय ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ सारखी वाक्यं भारतीय इंग्रजीत सर्रास ऐकू येतात. आपसात बोलताना त्यानं काही अडत नाही आणि अशा बोलण्याला हसण्याचंही कारण नाही. मुलाखतीत मात्र ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. ‘डाउट’ मुळे बाहेरच्या माणसाला तुम्ही संशय घेताय असंही वाटू शकतं. वस्तुनिष्ठ परीक्षेत तर जुना, कडक नियमच धरायचा, कारण उत्तरतालिका त्यावरच बेतलेली असते.

पर्याय समोर असताना हात कुठल्या क्रमानं चालवायचा ते सांगतो. ‘धिस हाऊस इज बिलॉन्गिंग टू माय अंकल’: ‘बी’ अधिक इंग आहे, ‘काय व्हायलंय?’ ला उत्तर शोभत नाही, बदल सुचवणारा शब्द नाही. चूक, ‘बिलॉन्ग्ज’ हवं. ‘द शेफ इज टेस्टिंग द सूप’: कर्ता माणूस आहे, पुढं कर्म आहे, म्हणजे चाखतोय, बरोबर. ‘द सूप इज टेस्टिंग गुड’: कर्ता सूप आहे, पुढं विशेषण आहे, म्हणजे लागतंय, चूक, ‘टेस्ट्स गुड’. या जोडीकडे नीट बघा. टेस्ट, स्मेल, फील यांच्यापुढं कर्म आलं की सहसा क्रिया असते, विशेषण आलं की स्थिती. फक्त ‘आय ॲम फीलिंग बेटर’ सारखं स्वतःच्या प्रकृतीबद्दलचं ‘फील’ दोन्हीकडे चालतं. ‘हाऊ लाँग हॅव यू बीन हॅविंग धिस बाइक?’: बाइक असणं, केलेलं काही नाही, ‘हाऊ लाँग हॅव यू हॅड धिस बाइक?’

यादी फेकून देऊ नका, पण तिची मांडणी बदला. वहीच्या पानाला मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘असतं, लागतं, येतं, वाटतं’, उजवीकडे ‘करतो, घेतो, बघतो, चाखतो’. हॅव, थिंक, सी, टेस्ट, स्मेल, फील, वे ही सात क्रियापदं दोन्हीकडे लिहा, प्रत्येकाखाली एकेक मराठी वाक्य आणि त्याचं इंग्रजी. नो, ओन, बिलॉन्ग, कन्टेन, डिझर्व्ह, रिझेंबल फक्त डावीकडे. उजवीकडची त्यांची जागा रिकामी ठेवा. तिथं कधी एखादं वाक्य सुचलं, तर त्यात ‘मोअर अँड मोअर’ सारखं काही आहे का ते आधी बघा.